आरमारी कादंबऱ्यांतला वारा कुठे गेला? : सोलापूरहून एक खुले पत्र

प्रति,
ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे लेखक, त्या छापणारे प्रकाशक, त्यांवर लाल पेन्सिल फिरवणारे संपादक आणि मुखपृष्ठे रंगवणारे चित्रकार यांस,

विषय : शिडाच्या जहाजांच्या काळातल्या मराठी कादंबऱ्यांमधला वारा, भरती, तोफ आणि कापड

सप्रेम नमस्कार.

आरमाराबद्दलचे पत्र सोलापूरहून यावे, याचे आपल्याला थोडे हसू येईल. येऊ द्या. आम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, घाटाच्या कोरड्या अंगाला राहतो. आमच्याकडे पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, फार तर हिप्परगा. पण याच कारणाने आमचे वाचन जरा काटेकोर झाले आहे. मालवणचा किंवा हर्णैचा वाचक लेखकाने सोडून दिलेला समुद्र स्वतःच्या आठवणीतून भरून घेतो. आमच्या आठवणीत समुद्र नाही. छापलेल्या पानावर जेवढा असेल तेवढाच आम्हाला मिळतो, आणि गेली बरीच वर्षे तो फारच थोडा मिळतो आहे.

तक्रार एकच आहे. आपल्या आरमारी कादंबऱ्या घोड्यावर बसून लिहिल्यासारख्या वाटतात. सरदार म्हणतो ‘चला’, की गलबत निघते. म्हणतो ‘पाठलाग करा’, की गलबत सुटते. शत्रू दिसला की ताबडतोब भिडते. शिडाच्या जहाजाला टाच मारता येत नाही. ते कुठे जाऊ शकते, किती वेळात जाऊ शकते आणि कुठे मुळीच जाऊ शकत नाही, हे वारा ठरवतो; उरलेले पाणी ठरवते. नायकाची अक्कल दिसायची ती या बंधनांच्या आतच. बंधने काढली की उरते फक्त आरोळ्यांची लढाई, आणि ती जमिनीवरसुद्धा होऊ शकते.

वाऱ्यापासूनच सुरुवात करू. होकायंत्राचे ३२ भाग असतात, एक भाग सव्वाअकरा अंशांचा. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या तोंडापासून साधारण सहा भाग, म्हणजे सुमारे ६७ अंश बाजूला राहूनच पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरची तिरक्या परबाणाची शिडे (शीड ज्या लांब वाशाला बांधतात ते परबाण) यापेक्षा थोडी जवळून, पाच भागांपर्यंत जाऊ शकतात. हिशेब करून पाहा. वारा येतो त्याच दिशेला दहा सागरी मैलांवर एक बंदर आहे. चौकोनी शिडांच्या जहाजाला नागमोडी जात तिथे पोचायला सुमारे २६ मैल कापावे लागतील, तिरक्या शिडाच्या गलबताला १८. शिवाय जहाज वाऱ्याने आडवे ढकलले जाते, त्याचा तोटा वेगळा. कादंबरीत या आठ मैलांत सगळा डाव मावतो: मोठे जहाज वेगाने सरस असूनही बंदरात गलबत आधी पोचते आणि वाचकाला ते पटते.

पण तिरक्या शिडाची अडचणही लिहा ना. नागमोडी जाताना तोंड दुसऱ्या अंगाला वळवायचे, तर ते लांबलचक परबाण डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यावे लागते. म्हणून अशी गलबते बहुधा वाऱ्याकडे तोंड न करता पाठ देऊन, मोठा वळसा घेऊन फिरत. खलाशांनी दामण (शीड ताणून धरणारा दोर) सैल सोडायची, परबाण उभे करायचे, त्याचे खालचे टोक डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचे, शीड पुन्हा ताणायचे. त्या वेळात गलबत वाऱ्याखाली घसरत असते, आणि जोराचा झोत मागून चुकीच्या बाजूने आला तर परबाण डोलकाठीवर आपटते. एखादी लढाई या मिनिटभरात हरता येते. ‘क्षणार्धात गलबताने तोंड फिरवले’ हे वाक्य वल्ही चालू असतील तरच चालेल.

पाठलागाचे गणित त्याहून सोपे आहे आणि तेच सर्वांत जास्त चुकते. दोन मीटर उंचीवरून क्षितिज पाच किलोमीटरवर दिसते, १६ मीटर उंच डोलकाठीवरून सुमारे १४, आणि समुद्रापासून २५ मीटर उंच बुरुजावरून सुमारे १८. म्हणजे स्वच्छ हवेत बुरुजावरच्या पहारेकऱ्याला १६ मीटर डोलकाठीच्या जहाजाचा शेंडा ३२ किलोमीटरवरून दिसू लागतो. आधी शेंडा, मग शीड, सगळ्यात शेवटी लाकूड. आता दोन जहाजांत सहा सागरी मैल अंतर आहे आणि मागच्याचा वेग एका नॉटने (तासाला एका सागरी मैलाने) जास्त आहे, असे धरा. गाठायला सहा तास लागतील, पंधरा घटका. या पंधरा घटकांत माणसे जेवतात, पाणी उपसतात, वजन मागे-पुढे हलवून गलबताची नाळ (पुढचे टोक) वर काढतात, पुढच्याने पिंपे समुद्रात ढकलली का ते बघतात, संध्याकाळ कधी होते याची वाट बघतात. शिडाच्या काळातला थरार म्हणजे हाच लांबलेला वेळ. आपल्याकडे मात्र तो अर्ध्या परिच्छेदात संपतो.

कोकणात वारा दिवसातून दोनदा पाळी बदलतो. शाळेतल्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच पाठ केले; कादंबरीत ते कुठे जातात कोण जाणे. पावसाळा सोडून बाकीच्या मोसमात उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई, मग मधे एक पडता वारा, आणि दुपारपासून समुद्रावरून खारा वारा. मधल्या त्या पडत्या वाऱ्यात मोठे जहाज लाकडाचा ओंडका होते, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचे गलबत त्याच्याभोवती हवे तिथे फिरते. मराठा आरमाराच्या बऱ्याचशा यशाचे मूळ इथे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, असे सांगताना हाच विचार आहे: वाऱ्यावाचून जे हलत नाही ते उपयोगाचे नाही.

खांदेरीचे उदाहरण घ्या. १६७९ साली थळसमोरच्या या बेटावर मराठे तटबंदी करत होते आणि इंग्रज जहाजे पहारा देत होती. रात्री किनाऱ्यावरून वल्ह्यांच्या छोट्या होड्या सामान घेऊन बेटावर जात राहिल्या आणि मोठ्या जहाजांना त्या अडवता आल्या नाहीत. १८ ऑक्टोबरला उजाडता उजाडता दौलतखानाची गलबते नागाव-थळच्या बाजूने आली, ती इतक्या वेगाने की इंग्रजांना नांगर उचलायला जेमतेम वेळ मिळाला. ‘डव्ह’ नावाचे जहाज मराठ्यांच्या हाती लागले, बाकीची पांगली, ‘रिव्हेंज’ मात्र टिकून लढले.

या प्रसंगावर लिहिणाऱ्याने पहिले काम पंचांगाचे करावे. इंग्रज सप्टेंबर १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग वापरत. सतराव्या शतकात ते आजच्या पंचांगापेक्षा दहा दिवस मागे होते. म्हणजे ती तारीख आजच्या हिशेबाने २८ ऑक्टोबर. चंद्राचे गणित मांडले तर तो दिवस कृष्ण अष्टमीच्या आसपास येतो. तारीख न बदलता तसेच धरले तर पौर्णिमेच्या आसपास. फरक किती पडतो पाहा. कोकणात भरतीचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. पहाटे सहाच्या सुमारास खाडीच्या मुखावरच्या रेतीवर भरपूर पाणी, गलबते सुखाने बाहेर, आणि अंगावर पाठीमागून मतलई. उलट पौर्णिमा धरली तर भरती अकरा-बाराला येते आणि पहाटे सहाला ओहोटीचा तळ. खाडीतली गलबते चिखलात बसलेली. एका तारखेच्या घोळाने अख्खा हल्ला अशक्य होतो. शिवाय अष्टमीला भांग असते, भरती-ओहोटीतला फरक लहान. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, मुंबईजवळ हा फरक चार मीटरच्या वर जातो आणि दक्षिणेकडे कमी होत जातो. ‘अमावास्येच्या काळोख्या रात्री, ओहोटीच्या वेळी, बारा वाजता’ असे लिहिणाऱ्याने हा ठोकताळा एकदा चालवून बघावा. अमावास्येला मध्यरात्री मुंबई-अलिबागकडे भरती असते.

आता जहाजे. सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार अशी नावे येतात. कादंबऱ्यांत ती सगळी एकाच वजनाने, अलंकारासारखी वापरली जातात. निदान दोन तरी नीट वेगळी करावीत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची, रुंद आणि कमी पाण्यात चालणारी. तिची नाळ पुढे लांब निघालेली आणि सखल; मुख्य तक्तपोशी (डेक) आणि नाळ यांच्यामध्ये लाकडी भिंत, तिला दोन झरोके, आणि त्यांतून नाळेवरून थेट पुढे मारणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी तोफा. गलबत सत्तर टनांच्या आतले, हलके, वल्ह्यांचे, त्यावर दोन ते चार पौंडी लहान तोफा.

या रचनेतूनच आंग्र्यांची लढायची पद्धत निघाली. बहुतेक युरोपीय जहाजांच्या तोफा बाजूंना असत, पिछाडीला मोजक्या. वारा पडला की गलबतांनी दोर लावून गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीकडे न्यायचे. नाळेच्या तोफांनी डोलकाठ्या आणि दोरखंड यांच्यावर मारा करायचा, जहाजाच्या पोटावर नाही. माल बुडवून काय करायचे? जहाज पांगळे झाले की माणसांनी भरलेली गलबते चारी बाजूंनी लावून तलवारी घेऊन वर चढायचे. १७३५ साली संभाजी आंग्र्यांच्या आरमाराने ‘डर्बी’ हे कंपनीचे जहाज घेतले, ते असेच पिछाडीला राहून. कादंबरीत मात्र दोन आरमारे समोरासमोर रांगा धरून उभी राहतात आणि एकमेकांवर बाजूच्या तोफा डागतात. ती इंग्रज-फ्रेंचांची रीत. ज्याच्याकडे बाजूला तोफा कमी आणि वल्ही जास्त, तो मुद्दाम तिथे कशाला जाईल?

तोफेविषयी थोडे सविस्तर, कारण चुका इथे सर्वांत मोठ्या आवाजाच्या असतात. बारा पौंडी तोफ म्हणजे गोळा सुमारे साडेपाच किलोचा. तोफेचे स्वतःचे वजन दीड टनाच्या घरात. दारू गोळ्याच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश, पावणेदोन-दोन किलो. एक बार झाला की ओल्या बोळ्याने नळी पुसायची, नाहीतर आत जळत राहिलेली चिंधी पुढच्या दारूला पेटवते आणि गज धरलेल्या माणसाचा हात जातो. मग दारूची पिशवी, बोळा, गोळा, पुन्हा बोळा, गजाने ठासणे, कान्यातून (बत्ती द्यायच्या छिद्रातून) सळई घालून पिशवीला भोक, कान्यात बारीक दारू, तोफ दोर ओढून पुढे, नेम, बत्ती. बार झाला की दीड टनाची ती वस्तू वेगाने मागे येते आणि जाड दोराने अडते. तो दोर कुजका निघाला किंवा कडी उखडली, तर डुलणाऱ्या तक्तपोशीवर मोकळी सुटलेली तोफ शत्रूपेक्षा जास्त माणसे मारते. सरावाच्या टोळीला हे सगळे दोन-तीन मिनिटांत जमे, नवख्यांना दुप्पट वेळ. तेव्हा ‘तोफा अखंड धडधडत होत्या’ हे वाक्य चार तोफांच्या जहाजावर बसत नाही. दोन बारांच्या मधली शांतता आणि धूर, यांत संवाद लिहिता येतात.

आणि लोखंडी गोळा फुटत नाही. कृपा करून तो फोडू नका. तो लाकडातून आरपार जातो आणि पलीकडे उडालेल्या कपच्या माणसे फाडतात. जहाजावरच्या बहुतेक जखमा या कपच्यांच्या. फुटणारे बाँबगोळे उखळी तोफांचे, आणि त्या खास जहाजांवर किंवा किनाऱ्यावर असत. विजयदुर्गाला फेब्रुवारी १७५६ मध्ये तसा एक बाँबगोळा बंदरातल्या ‘रेस्टोरेशन’वर पडला. हे जहाज तुळाजी आंग्र्यांनी १७४९ साली इंग्रजांकडून जिंकले होते. तिथून आग बाजूच्या गुराबांना लागली आणि आरमार जळून गेले. डांबर, राळ, काथ्याचे दोर, उन्हात वाळलेले सागवान आणि शेजारी शेजारी उभी जहाजे. ही आग लिहायची तर ज्वाळांची वर्णने करण्याआधी ती एका परबाणावरून दुसऱ्यावर कशी गेली ते लिहा. वारा कुठून होता तेही.

आता आमच्या गल्लीतला विषय: कापड. शीड हे या कादंबऱ्यांतले इंजिन, आणि त्याच्याबद्दल ‘शुभ्र शिडे फडफडू लागली’ याखेरीज एक ओळ सापडत नाही. पहिली गोष्ट, फडफडणारे शीड काम करत नसते. फडफड म्हणजे एकतर दामण सुटली किंवा सुकाण्याचे लक्ष नाही. भरलेले शीड गप्प असते.

दुसरी गोष्ट पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची. हाताने धोटा फेकायचा तर कापडाचा पन्हा विणकराच्या दोन हातांच्या पोचेइतकाच. धक्क्याने धावणाऱ्या धोट्याचे पेटंट इंग्लंडात १७३३ साली निघाले. त्याआधीचे कुठलेही शीड एकसंध असू शकत नाही. ते पट्ट्यांचे असते. समजा, एका गलबताचे मोठे शीड ८० चौरस मीटरचे आहे आणि कापडाचा पन्हा ६० सेंटिमीटर. सरळ भागाकाराने १३३ मीटर कापड लागते. पट्ट्या एकमेकींवर चढवून दुहेरी शिवण घालायची, कडेने दोर शिवायचा, कोपऱ्यांना दोन-तीन थर द्यायचे, म्हणजे दीडशे मीटरच्या वर गेले. जाड सुती कापड चौरस मीटरला ६०० ग्रॅम धरले तर कोरडे शीड ४८ किलो. भिजले की त्याच्या दीडपट तरी. वर दोर आणि परबाण. एकट्या नायकाने वादळात दातांत सुरी धरून ते गुंडाळल्याचे वाचले की सोलापूरच्या पूर्व भागातले जुने मागवाले पुस्तक मिटतात.

तिसरी गोष्ट, आणि ही लेखकांना कामाची आहे: सुती कापड ओले झाले की सूत फुगते, वीण घट्ट होते आणि सूत कोरड्यापेक्षा मजबूत होते. म्हणून मंद वाऱ्यात पाठलाग चालू असताना खलाशी बादल्या वर चढवून शिडांवर पाणी मारत. ओल्या शिडातून वारा कमी गळतो. अर्धा नॉट मिळाला तरी वर सांगितलेल्या सहा तासांच्या गणितात तो मोठा. पण हेच शीड ओले गुंडाळून कोठीत टाकले तर दमट हवेत बुरशी धरते, आणि बुरशीचे शीड नेमके गरजेच्या वेळी शिवणीच्या कडेने फाटते. शिवण सहसा टिकते, तिच्या शेजारचे सूत जाते. उन्हानेही सूत मरते. युरोपीय जहाजांचा जवसाच्या धाग्याचा कॅनव्हास आणि आपल्याकडचे डोंगरीसारखे जाड सुती कापड यांचे स्वभाव निराळे आहेत; नवे सुती शीड पहिल्यांदाच जोराच्या वाऱ्यात चढवले तर त्याचा आकार कायमचा बिघडतो. फितुरी दाखवायची असेल तर दारूच्या कोठाराला आग लावायची काही गरज नाही. शीड ओले गुंडाळून ठेवणारा एक माणूस पुरे.

वारा वाढला की तिरक्या शिडाच्या गलबतावर बहुधा मोठे शीड उतरवून लहान चढवत. म्हणजे त्या मधल्या वेळेत गलबत बिनशिडाचे. इथेही प्रसंग आहे, आणि अजून कुणी लिहिलेला दिसत नाही.

पावसाळ्याबद्दल आज्ञापत्रात स्वतंत्र सूचना आहेत, कारण आषाढ-श्रावणात हे आरमार समुद्रावर नसेच. जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला, खाडीत, शाकारून ठेवलेली. पठाणापर्यंत (तळाच्या कण्यापर्यंत) तळ तपासणे, सागरी किड्याने पोखरलेल्या फळ्या बदलणे, सांध्यांत कापूस-काथ्या ठोकून राळ-तेल भरणे, चुना आणि चरबी फासणे, ही कामे सुक्या जागेवर होत. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू मोसम उघडायचा. तरीही आषाढातल्या धो धो पावसात खोल समुद्रावर आरमारी युद्ध लढवणाऱ्या कादंबऱ्या निघतात. विजांचा मोह समजू शकतो. पण पावसाळ्याचे चार महिने आरमार बांधून ठेवलेले असणे, माणसे घरी शेतीवर गेलेली असणे आणि शत्रूला ते माहीत असणे, हे कथानकाला विजांपेक्षा जास्त देते. लाकूड हाही एक पेच आहे. आंबा-फणस आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण रयतेने ही झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती जबरदस्तीने तोडू नयेत, असे आज्ञापत्र बजावते. नाळेला योग्य बाकाचे खोड एका म्हाताऱ्याच्या परड्यात आहे आणि मोसम उघडायला वीस दिवस राहिलेत, यापुढचे प्रकरण आपणच लिहावे.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. जहाजाचे गोल सुकाणूचक्र अठराव्या शतकाच्या आरंभी आले; १६६४ साली सिंधुदुर्गाच्या पायाभरणीच्या प्रसंगात ते नको, सुकाणूचा दांडा हवा. इंग्रज नौदलातल्या अधिकाऱ्यांना गणवेश १७४८ मध्ये मिळाला, तेव्हा १७२१ च्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरच्या मोहिमेत कॉमोडोर मॅथ्यूजला निळ्या कोटात उभे करू नका. तळाला तांब्याचे पत्रे हा प्रयोग इंग्रजांनी १७६१ मध्ये ‘अलार्म’ जहाजावर केला आणि सरसकट ते सुमारे १७८० पासून आले. रेखांश काढायला उपयोगी पडणाऱ्या हॅरिसनच्या चौथ्या घड्याळाची समुद्रावरची परीक्षा १७६१ ची; त्याआधी अचूक रेखांश सांगणारा कप्तान खोटा आहे. दुर्बीण १६०८ पासून आहे, ती चालेल, पण कान्होजींच्या प्रत्येक तांडेलाच्या कमरेला नको. खोली मोजायची वावात (एक वाव सुमारे सहा फूट), शिशाचा गोळा दोरीला बांधून. आणि स्कर्व्ही हा ताज्या अन्नावाचून दीड-दोन महिने काढणाऱ्यांचा रोग आहे. चार दिवसांत बंदराला लागणाऱ्या, कोकम आणि नारळ जवळ असणाऱ्या खलाशांचे दात कशाला पाडता?

पाण्याचा हिशेब मात्र किरकोळ नाही. दीडशे माणसे, उन्हात वल्हे मारणारी, प्रत्येकी चार लिटर धरा: दिवसाला ६०० लिटर, दहा दिवसांना सहा टन. ते कुठे ठेवायचे? नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहराला हे समजावून सांगावे लागत नाही. आरमार किनारा धरून का राहते, दर किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर किंवा टाके का लागते, आणि खांदेरीसारख्या बेटावर पाय रोवणे हीच अर्धी लढाई का असते, ते या सहा टनांत आहे.

आपल्याकडे गोष्टी नाहीत असे कुणी म्हणू नये. कल्याण-भिवंडीला १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांसाठी जहाजे बांधणारे रुय लैतांव व्हियेगश आणि त्याचे पोर्तुगीज कारागीर काम अर्धवट टाकून निघून गेले. मागे राहिलेल्या सुतारांनी त्या सांगाड्यांचे काय केले असेल? आंग्र्यांचे आणि इंग्रजांचे वैर दस्तकांवरून पेटत राहिले; समुद्रावर चालायचा परवाना कुणाचा मानायचा, हा प्रश्न तलवारीच्या आधी एका कागदावर सुरू होतो. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांच्या आरमाराने रत्नागिरीजवळ ‘रेंजर’ पकडले, तेव्हा मराठे-इंग्रजांत सालबाईचा तह झालेला होता. ज्याला तह माहीत आहे आणि ज्याला माहीत नाही, अशी दोन माणसे एकाच तक्तपोशीवर उभी करा. इंग्रजीत या प्रकारच्या कादंबऱ्यांची रास आहे. तिच्यातली कितीतरी कथानके कॉक्रेनसारख्या खऱ्या कप्तानांवरून उचललेली आहेत. १८०१ साली या माणसाने ५४ जणांच्या आणि चौदा चार-पौंडी तोफांच्या ‘स्पीडी’वरून ३१९ जणांचे, ३२ तोफांचे स्पॅनिश ‘एल गामो’ घेतले. लहान जहाज इतके जवळ नेले की मोठ्याच्या तोफा त्याच्या डोक्यावरून मारू लागल्या. ही युक्ती तोफेच्या उंचीतून निघाली आहे, कप्तानाच्या भाषणातून नाही. आमचे मागणे एवढेच की आपल्या युक्त्याही अशा एखाद्या मापातून निघाव्यात.

प्रकाशकांकडे चार कामे मागतो. आरमारी कादंबरीचे हस्तलिखित छापण्याआधी लाकडी होडी शिडावर चालवलेल्या एखाद्या वयस्क तांडेलाला आणि होड्या बांधणाऱ्या सुताराला वाचून दाखवा, आणि त्यांना रीतसर मानधन द्या. इतिहासाच्या प्राध्यापकांना देता तेवढेच. पुस्तकाच्या सुरुवातीला किल्ल्याचा नकाशा देता, त्यात खाडीचे मुख, रेतीचे बांध आणि खडक दाखवा. मोठ्या लढाईच्या प्रकरणासाठी लेखकाकडून एक तक्ता मागून घ्या: तिथी, भरतीची वेळ, वारा कुठून, कोणते जहाज कुठे; तो छापला नाही तरी चालेल, पण संपादकाच्या टेबलावर हवा. आणि शेवटी दोन पाने दोन चित्रांना द्या, एक गुराबेचे आणि एक गलबताचे, भागांच्या नावांसह. शिडाच्या प्रकरणातले माग, पन्हा, वीण आणि वजन तपासायचे असेल, तर ती पाने सोलापूरला पाठवा. तेवढे काम आम्ही फुकट करू.

आपले,
सोलापुरातील काही वाचक

ता.क. चित्रकारांसाठी राहिलेच. मुखपृष्ठावर शिडे मागून येणाऱ्या वाऱ्याने पुढे फुगलेली असतात आणि त्याच जहाजाचा झेंडा मागे उडत असतो. वारा एकच आहे. मागून येत असेल तर झेंडाही नाळेकडेच उडेल. आणि शिवकाळातल्या गोष्टीवर एकोणिसाव्या शतकातले तीन डोलकाठ्यांचे युरोपीय जहाज छापणे आता थांबवावे. दुकानात ते पुस्तक हातात घेतल्याबरोबर आत काय असेल ते आम्हाला कळते, आणि आम्ही ते परत ठेवतो.